शेळीच्या दुधाचा वास आणि यंत्राची धुलाई

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावरील शेळीपालनासंबंधीचे लेखन मी नियमाने वाचते. जातींची निवड, करडांची निगा, चाऱ्याचे नियोजन, लसीकरण अशा विषयांवर तेथे पुष्कळ लिहिले जाते आणि अलीकडे दूध काढण्याच्या छोट्या यंत्रांविषयीही लिहिले जाऊ लागले आहे. मात्र हे लेखन शेवटच्या शेळीची धार निघाली की संपते. त्यानंतर त्या यंत्राचे काय करायचे याविषयी एखादेच वाक्य असते आणि ते बहुधा ‘यंत्र गरम पाण्याने स्वच्छ धुवावे’ एवढेच असते. माझी तक्रार या एका वाक्याविषयी आहे. ते अपुरे तर आहेच, शिवाय निम्मे चुकीचेही आहे, आणि त्याचा दोष अखेर शेळीच्या माथी येतो.

माझ्याकडे बारा दुभत्या शेळ्या आणि एका बादलीचे, सडांना लावायच्या दोन कपांचे यंत्र आहे. यंत्र आल्यावर पहिले दोन महिने सारे सुरळीत चालले. तिसऱ्या महिन्यात थंड करून ठेवलेल्या दुधाला दुसऱ्या दिवशी उग्र, खवट वास येऊ लागला. ज्याने त्याने ‘शेळीचे दूध म्हटले की वास यायचाच’ असा निकाल देऊन टाकला. मी बोकडाला दूर बांधले, चारा बदलून पाहिला, प्रत्येकीची कास तपासून घेतली. वास गेला नाही. शेवटी एका सकाळी एकाच शेळीची निम्मी धार हाताने, उकळत्या पाण्यातून काढलेल्या काचेच्या बाटलीत घेतली आणि उरलेली यंत्राने काढून तशाच दुसऱ्या बाटलीत भरली. दोन्ही बाटल्या एकाच थंड जागी शेजारी शेजारी ठेवल्या. धारेच्या सुरुवातीचे दूध पातळ आणि शेवटचे घट्ट असते, म्हणून दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून, आधी यंत्र आणि मग हात, अशा आणखी दोन बाटल्या भरल्या. चारही बाटल्यांनी एकच साक्ष दिली: हाताने काढलेले दूध गोड राहिले होते आणि यंत्रातून आलेले खवट झाले होते. इतके दिवस मी चोर सोडून संन्याशाला सुळी देत होते. मग कपापासून बादलीपर्यंतची नळी उभी कापून उघडली, तेव्हा बाहेरून नितळ दिसणाऱ्या त्या नळीच्या आत बोटाला पिवळसर, मेणचट थर लागला. ही नळी मी रोज दोन वेळा, अगदी वाफाळत्या पाण्याने धूत होते.

वास का येतो हे येथे सांगणे आवश्यक आहे, कारण ते कळल्याशिवाय धुलाईचा क्रम पटत नाही. शेळीच्या दुधातील स्निग्धांशात कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक या आम्लांचे प्रमाण गाईच्या दुधापेक्षा जास्त असते. त्यांची नावेच मुळी शेळीसाठीच्या ‘काप्रा’ या लॅटिन शब्दावरून पडली आहेत. ही आम्ले स्निग्धांशाच्या रेणूत बांधलेली असतात तोवर त्यांचा वास जाणवत नाही. लायपेज नावाचे विकर तो रेणू तोडते आणि आम्ले सुटी होतात, तेव्हा तो सुप्रसिद्ध वास सुटतो. लायपेज दुधात मुळातच थोडे असते, परंतु अस्वच्छ नळ्यांत वाढणारे जिवाणू त्यात स्वतःची भर घालतात. दूध फार घुसळले गेले, शेळी विण्याच्या दिवसांपासून लांब गेली, कासेला संसर्ग झाला किंवा माजावर आलेला बोकड जवळ असला तरी दुधाला वास येऊ शकतो, हे मला मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की संशयितांच्या यादीत यंत्राचे नाव सर्वांत वर असावे, आणि आज ते यादीतच नसते.

यावर हमखास मिळणारे उत्तर असे की, दूध आपण तापवतोच, मग एवढी चिकित्सा कशाला? हे उत्तर फसवे आहे. ६३ अंश सेल्सियसला ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद दूध ठेवले, म्हणजे पाश्चरीकरण केले, की रोगकारक जिवाणू मरतात, हे खरे आहे. परंतु थंडीतही वाढू शकणाऱ्या स्यूडोमोनास वर्गातील जिवाणूंनी आधीच सोडलेली लायपेज आणि प्रथिने तोडणारी विकरे पाश्चरीकरणाच्या उष्णतेत टिकून राहतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचे विषही दूध उकळल्याने भरवशाने नष्ट होत नाही. थोडक्यात, जिवाणू मेला तरी त्याने करून ठेवलेले काम शिल्लक राहते. शिवाय त्यांच्या वाढीचा वेग ध्यानात घ्यावा. अनुकूल उबेत काही जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात. त्या हिशेबाने ४ तासांत १२ वेळा दुप्पट होऊन एकाचे ४०९६ होतात, आणि दोन धारांमधले अंतर तर बहुधा १२ तासांचे असते. ओल्या नळीच्या वळणात राहिलेला चमचाभर दुधाचा अंश त्यांना पुरेसा होतो.

आता त्या गरम पाण्याविषयी. धार संपताच दुधाच्या संपर्कात आलेला प्रत्येक भाग दूध सुकण्याआधी नुसत्या पाण्याने खळखळून काढायचा असतो आणि हे पाणी कोमट, सुमारे ३८ ते ४३ अंशांचे असावे लागते. पाणी गार असेल तर स्निग्धांश थिजून नळीच्या भिंतीला चिकटतो. ते कढत असेल तर दुधातील प्रथिने तापून घट्ट होतात आणि पृष्ठभागावर अक्षरशः भाजली जातात. दूध भांड्याच्या तळाला लागले म्हणजे ते काढताना काय होते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. मी नेमके हेच करीत होते. जितके पाणी जास्त कढत, तितकी स्वच्छता जास्त, या समजुतीने मी रोज प्रथिनांचा एक नवा पातळ पापुद्रा नळीत पक्का करीत होते आणि त्याच्या आडोशाला जिवाणूंनी आपले घर केले होते. हे कोमट पाणी पुन्हा पुन्हा फिरवत बसू नये. ते एकदाच आत घेऊन, बाहेर येणारे पाणी निवळ होईपर्यंत टाकून द्यावे. ही पहिली खळखळ नीट झाली तर बहुतेक दूध येथेच निघून जाते आणि पुढच्या रसायनाचे काम हलके होते.

कढत पाण्याची वेळ त्यानंतर येते आणि तेव्हा त्यात दुग्धव्यवसायासाठी बनवलेली क्लोरीनयुक्त अल्कली पावडर किंवा द्रावण असावे लागते. अल्कली स्निग्धांश सोडवते आणि क्लोरीन प्रथिनांचा थर फोडायला मदत करते. येथे पाणी सुरुवातीला ७० अंशांच्या आसपास असावे आणि ६ ते १० मिनिटांची धुलाई संपेपर्यंत ते ४५ ते ५० अंशांच्या खाली उतरू नये, कारण पाणी निवत गेले की सुटलेला स्निग्धांश पुन्हा भिंतीवर बसतो. म्हणूनच साधा तापमापक हे धुलाईचे पहिले साधन आहे असे मी मानते. हाताला चटका बसतो की नाही यावरून अंदाज घेणाऱ्याला सुरुवातीचे तापमान कदाचित कळेल, शेवटचे कळत नाही. हर्बर्ट झिनर या जर्मन तज्ज्ञाने १९५९ साली धुलाईचे चार घटक मांडले: वेळ, तापमान, रसायन आणि घर्षण. यातला एक कमी झाला तर तेवढी भर दुसऱ्याने घालावी लागते. मोठ्या दुग्धशाळेत पंपाच्या जोराने घर्षण मिळते. आपल्या बादलीच्या यंत्रात ते दोनच मार्गांनी मिळू शकते. पहिला मार्ग म्हणजे योग्य मापाचे ब्रश. दुसरा असा की पंप चालू ठेवून कप द्रावणात बुडवायचे, क्षणभर वर काढायचे आणि पुन्हा बुडवायचे, असे पंधरावीस वेळा करायचे. वर काढताना नळीत हवेचा घोट जातो, त्याच्यामागून पाणी उसळत येते आणि नळीची भिंत घासली जाते. मात्र बादली काठोकाठ भरू देऊ नये, नाहीतर तेच पाणी हवेच्या नळीतून पंपात शिरते.

भांडी घासायचा साबण का चालत नाही, असे मला अनेकांनी विचारले आहे. तो हातांना इजा होऊ नये अशा बेताने सौम्य केलेला असतो, त्यामुळे भाजलेल्या प्रथिनांपुढे त्याचे फारसे चालत नाही. शिवाय त्याला येणारा फेस नळीची पोकळी भरून टाकतो आणि द्रावण भिंतीपर्यंत नीट पोहोचू देत नाही, आणि तो पुरता निघाला की नाही हे कळायला मार्ग नसतो. फेस म्हणजे स्वच्छता ही समजूत आपल्या सर्वांच्या मनात खोल रुजलेली आहे. यंत्राच्या बाबतीत ती सोडावी लागते. पाणी जड असेल तर त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अल्कलीचा बराच भाग स्वतःच खाऊन टाकतात. म्हणून पाण्याचा जडपणा एकदा तपासून घ्यावा आणि डब्यावर जड पाण्यासाठी दिलेले प्रमाण पाळावे.

अल्कलीचे पाणी काढून टाकल्यावर साध्या पाण्याने यंत्र खळखळावे आणि मग आम्लाची पाळी येते. ही पायरी सर्वाधिक वगळली जाते. दुधातील आणि पाण्यातील कॅल्शियमचे क्षार हळूहळू साचून पांढुरका, पुढे पिवळसर, खडबडीत खवला तयार होतो, त्याला मिल्कस्टोन म्हणतात. अल्कली त्याला विरघळवू शकत नाही; फॉस्फोरिक किंवा तत्सम आम्लाचे, याच कामासाठी बनवलेले सौम्य द्रावण ते करते. हे द्रावण यंत्रातून फिरवले की अल्कलीचा उरलेला अंश निष्प्रभ होतो, रबर जास्त दिवस टिकते आणि आतला पृष्ठभाग किंचित आंबट राहिल्याने पुढच्या धारेपर्यंत जिवाणूंची वाढ रोखली जाते. द्रावणाचा सामू ३ ते ३.५ च्या आसपास असावा आणि तो तपासायच्या कागदी पट्ट्या मिळतात. बादलीवर कसला थर आहे याविषयी शंका असेल तर कोरड्या बादलीकडे उजेडात पाहावे. तिच्यावर पाणी शिंपडले आणि थेंब मणी होऊन घरंगळले तर स्निग्धांश राहिला आहे. निळसर, तेलाच्या तवंगासारखी रंगीत झाक दिसली तर प्रथिने आहेत. आणि खडूसारखा पांढुरका थर आम्लाच्या थेंबाने विरघळला तर तो क्षारांचा आहे. रंगीत झाक आणि पांढुरका थर बादली ओली असताना दिसत नाहीत.

येथे एक धोक्याची सूचना ठळकपणे छापावी अशी माझी विनंती आहे. आम्ल आणि क्लोरीनयुक्त द्रावण कधीही, कोणत्याही कारणाने, एकत्र येऊ देऊ नये. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू बाहेर पडतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. वेळ वाचवण्यासाठी दोन्ही एका बादलीत ओतण्याची कल्पना सुचणे अगदी स्वाभाविक आहे, म्हणून तर हे सांगायला हवे. दोन्ही डबे वेगवेगळ्या फळ्यांवर, मूळ चिठ्ठीसह आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत. हातमोजे आणि चष्मा वापरावा. आणि रसायन पाण्यात घालावे, रसायनावर पाणी ओतू नये.

जंतुनाशकाविषयीही मोठा गैरसमज आहे. पुष्कळजण रात्रीची धुलाई संपली की यंत्रात क्लोरीनचे पाणी भरून ठेवतात आणि निश्चिंत होतात. त्याने दुहेरी नुकसान होते. क्लोरीनचा प्रभाव सकाळपर्यंत पुरत नाही आणि रात्रभर साचलेल्या त्या पाण्याने स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडू शकतात, ज्यांत पुढे ब्रशचा केसही पोहोचत नाही. जंतुनाशक द्रावण धार काढण्याच्या अगदी आधी फिरवायचे असते. त्यासाठी क्लोरीनचे प्रमाण एका लिटरला १०० ते २०० मिलिग्रॅम इतके ठेवतात. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट ५ टक्के लिहिलेले असेल तर एका लिटरला ४ मिलिलिटर, म्हणजे १० लिटर पाण्याला ४० मिलिलिटर घातले की २०० मिलिग्रॅमचे प्रमाण साधते. हे द्रावण सुवासिक नसावे, जुने किंवा उन्हात ठेवलेले नसावे, कारण त्याचा जोर दिवसागणिक ओसरतो. एकदोन मिनिटे ते सर्व भागांना लागू द्यावे आणि मग पूर्ण निथळू द्यावे. अस्वच्छ पृष्ठभागावर ओतलेले क्लोरीन मळाशी झुंजण्यातच संपते, त्यामुळे धुलाईची उणीव जंतुनाशकाने भरून निघत नाही.

सुट्या भागांबद्दल थोडेसे. झाकणाच्या खालची रबरी कडी, म्हणजे गॅस्केट, ही माझ्या मते यंत्रातली सर्वांत बेइमान वस्तू आहे. ती जागेवरून काढल्याशिवाय तिच्या खोबणीत काय साचले आहे ते दिसत नाही आणि ती काढायचा कंटाळा प्रत्येकाला येतो. ती रोज काढावी. कपाच्या आतील रबरी लायनर आठवड्यातून एकदा तरी पूर्ण उघडून, ताणून, उजेडात पाहावा. रबर स्निग्धांश शोषून घेते, फुगते आणि त्याला केसासारख्या भेगा पडतात, ज्यांत कोणतेच रसायन नीट पोहोचत नाही. गाईंच्या यंत्रासाठी रबरी लायनर २५०० दोहनांनंतर बदलावा असा सर्वसाधारण संकेत आहे. तोच धरला तर बारा शेळ्या दोन वेळा, म्हणजे रोज २४ दोहने, असा हिशेब करता माझा लायनर साडेतीन महिन्यांत बदलायला येतो. शेळ्यांच्या लायनरसाठी उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर अर्थातच तो मानावा. लायनर फाटला तर दूध पल्सेटरकडे, म्हणजे हवेचा दाब आळीपाळीने बदलून लायनरची उघडमीट करणाऱ्या भागाकडे, जाणाऱ्या नळीत शिरते, म्हणून ती नळीही अधूनमधून आतून पाहावी. पल्सेटर मात्र पाण्यात बुडवू नये. तारेच्या घासणीला यंत्राजवळ फिरकू देऊ नये, कारण तिचा प्रत्येक ओरखडा जिवाणूंना आसरा देतो. धुऊन झाल्यावर बादली पालथी, पण खालून वारा लागेल अशी ठेवावी, नळ्या मध्ये झोळ न येता सरळ टांगाव्यात, झाकण बादलीवर लावून ठेवू नये आणि काहीही फडक्याने पुसू नये.

हे सारे करायला मला २५ मिनिटे लागतात, आणि बारा शेळ्यांची धार काढायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. यात एक अडचण आहे, ती मोकळेपणाने सांगायला हवी. शेळ्या तीन असोत वा तीस, बादलीच्या यंत्राची धुलाई जवळजवळ तेवढीच राहते. म्हणून ज्यांच्याकडे तीनचार शेळ्या आहेत त्यांनी यंत्राच्या मोहात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेळीला दोनच सड असतात. सराव असलेल्या हाताला एका शेळीला काही मिनिटे पुरतात आणि धुवायला एक बिनजोडाची स्टीलची बादली आणि एक गाळणी एवढेच राहते. हाताने काढलेले निरसे दूध अर्धवट धुतलेल्या यंत्रातून आलेल्या दुधापेक्षा केव्हाही चांगले. यंत्र घेतलेच असेल, तर त्याची धुलाई दिवसाच्या वेळापत्रकात धारेइतक्याच हक्काने धरावी लागते.

मला यंत्र देणाऱ्यांनी धार कशी काढायची हे अर्धा तास दाखवले आणि धुण्याविषयी जाता जाता तेच एक वाक्य सांगितले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनाही बहुधा तेवढेच सांगण्यात आले असावे. यंत्राबरोबर एक तापमापक, नळीच्या आणि लायनरच्या मापाचे दोन ब्रश आणि भिंतीवर लावता येईल असा, तापमान व प्रमाणे लिहिलेला धुलाईचा तक्ता देणे कोणत्याही विक्रेत्याला अवघड नाही. ग्राहकांनी या तीन वस्तू मागितल्या तर त्या मिळू लागतील. शेळीपालनाच्या प्रशिक्षणातही धुलाई तोंडी सांगण्याऐवजी प्रत्यक्ष करून घ्यावी, आणि त्यासाठी वापरातले, थोडे मळलेले यंत्र घ्यावे, कारण नवे यंत्र कसेही धुतले तरी स्वच्छच दिसते.

आपणाकडे विनंती अशी की, यापुढे दोहनयंत्राविषयीचा लेख छापताना कोमट पाणी, अल्कली, आम्ल आणि धारेपूर्वीचे जंतुनाशक हा क्रम तापमानासह चौकटीत द्यावा, आणि ‘गरम पाण्याने स्वच्छ धुवावे’ हे वाक्य लेखकाने लिहिलेच असेल तर ते गाळावे. माझ्या यंत्राच्या नळ्या आणि लायनर मी बदलले, बादली व झाकण आधी अल्कलीने व मग आम्लाने धुऊन काढले, आणि त्या आठवड्यापासून दुधाचा वास गेला. बोकड मात्र अजून दूरच बांधलेला असतो. त्याला परत आणण्यापूर्वी आणखी दोन बाटल्या भरून पाहणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक शेळीपालक वाचक